आधी माशीला विचार

हसुराम पाटलाला मी माझ्या नर्सरीतून तीन वेळा हाकललं होतं. तिन्ही वेळा तो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला परत हजर. हातात स्वतःचं प्लॅस्टिकचं स्टूल, कारण माझ्या स्टुलावर बसलं की माझे उपकार होतात म्हणे. तो गेला त्याला आता वर्ष होत आलं. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं बोलायची आपल्याकडे पद्धत आहे, तेव्हा मी प्रयत्न करते. पण आधीच सांगून ठेवते, तो हट्टी होता, तोंडाळ होता आणि दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसणारा होता.

माझी नर्सरी मांडव्याहून अलिबागकडे येणाऱ्या रस्त्यावर. गिऱ्हाईक म्हणजे मुंबईचे बंगलेवाले. शुक्रवारी संध्याकाळी बोटीतून उतरतात, शनिवारी सकाळी त्यांना निसर्गाची आठवण येते आणि रविवारी दुपारी ते परत जातात. तेवढ्या वेळात त्यांना झाडं हवी असतात. पानं न गाळणारी, किडे न येणारी आणि शक्य तर आणल्या दिवशीच मोठी असणारी. मी देते. मला कोणी वनदेवी वगैरे समजू नये, मी दुकानदार बाई आहे.

हसुरामदादा आयुष्यभर लाँचवर नोकरीला होता. फळीच्या तोंडाशी उभं राहून चढणारी माणसं मोजायची, हे त्याचं काम. हातात ते अंगठ्यानं दाबायचं मोजणीचं यंत्र, टक टक टक. लाँच भरली की हात आडवा, मग समोर मंत्री असो की नवरदेव. "भरली," एवढंच बोलायचा. रिटायर झाल्यावर ते यंत्र त्याच्यासोबत घरी आलं. ते त्याला कोणी दिलं का त्यानंच आणलं, हे विचारायची हिंमत गावात कोणाची झाली नाही. घरी मोजायला माणसं नव्हती, म्हणून त्यानं मधमाश्या मोजायला घेतल्या.

पद्धत ठरलेली. फुललेल्या झाडासमोर स्टूल टाकायचं, घड्याळ बघायचं आणि दहा मिनिटं हलायचं नाही. दहा मिनिटांत पाच माश्या आल्या तर झाड पास. कमी आल्या तर नापास. तोंडी परीक्षा नाही, फेरपरीक्षा नाही.

"दादा, फुलपाखरू आलं तर धरायचं का?" मी एकदा गमतीनं विचारलं.

"लाँचवर कावला बसला तर त्याला पॅशिंजर म्हनून मोजतात काय?" त्यानं मान न वळवता उत्तर दिलं.

पहिल्यांदा हाकललं ते बोगनवेलीपायी. सासवण्याच्या बाजूला बंगला बांधलेले एक साहेब कंपाउंडभर लावायला बोगनवेल घ्यायला आले होते. टेम्पो आणलेला. अर्ध्या कुंड्या चढवून झाल्या होत्या. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "साहेब, ही फुला नायत हां. रंगीत पाना हायत. खरा फूल आतमधी, करंगळीच्या नखाएवढा. माशी येते, बगते, निगून जाते." साहेबांनी चष्मा काढून नीट पाहिलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कागदाची फुलं चिकटवून विकत होते. चढवलेल्या कुंड्या उतरल्या.

दुसऱ्यांदा डबल जास्वंद. ती मी किती लाडानं वाढवली होती! गुलाबाएवढी भरगच्च फुलं. दादा समोर बसला, उठला आणि स्टूल काखेत मारून म्हणाला, "पाकल्याच पाकल्या. घर बांधला, पन दार ठेवायचा इसरले." तिसऱ्यांदा चाफा. चाफ्याला तरी बोलू नये की नाही माणसानं? देवाला वाहतो आपण. "वास झकास हाय," तो म्हणाला, "पन आत भांडा रिकामा. जेवायला बोलवून नुसती फोडनी दिल्यागत." त्या दिवशी मी अशी भडकले की त्याचं स्टूल उचलून रस्त्यावर ठेवलं आणि सरळ त्याच्या घरी गेले, बायकोकडे तक्रार करायला.

त्याची बायको हिरावैनी पडवीत बसून कांद्याच्या वेण्या विणत होती. आमच्याकडचा पांढरा कांदा, चपटा, बारीक मानेचा, तिखटपणा नावाला. मी चपला काढायच्या आतच तोंड सोडलं. वैनी, तुमचा माणूस माझा धंदा बसवतोय, त्याला आवरा, नाहीतर मी काय करीन सांगता येत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जल्मभर मान्सा मोजली, आथा माश्या मोजतंय. घरात मी येकलीच हाय, ती कधी मोजली नाय." आणि आत जाऊन दोन वस्तू घेऊन आली. एक काचेची बाटली आणि सुकलेले कांद्याचे गोंडे.

ज्यांनी कांदा फक्त भाजीत पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगते. कांद्याचं बी हवं असेल तर निवडक कांदे हिवाळ्यात परत जमिनीत लावतात. त्यांना लांब दांडे फुटतात, दांड्यावर पांढऱ्या बारीक फुलांचा गोंडा धरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडी त्यात काळं बी भरतं. हिरावैनीनं एक गोंडा तळहातावर चोळला, फुंकर मारली. सगळं उडून गेलं. तळहात कोरा.

"दोन वरसा आसाच," ती म्हणाली. "फुलतंय, सुकतंय आनि आत भुस्सा. माशी नाय तर बी कुठला?"

तिनं बाटली वर धरली. तळाशी जेमतेम चिमूटभर काळं बी होतं, यंदाचे सगळे गोंडे चोळून निघालेलं. ते वाण तिच्या सासूकडून आलेलं, सासूकडे तिच्या सासूकडून. आजूबाजूला सगळ्यांनी जमिनी विकल्या, त्या वाडीत घरचं बी धरणारी ही एकटी उरली. आणि कांद्याचं बी ही काय सोन्याची पाटली नाही, कपाटात ठेवली आणि राहिली. वर्षभरात मरतं. आता आहे तेवढं पेरायचं, त्याचे मूठभर कांदे येतील, ते पुढच्या हिवाळ्यात फुलवायचे आणि तेव्हा बी धरलं तर धरलं.

"आणि नाही धरलं तर?"

"नाय तर संपला."

"दुसऱ्या गावातून आणा की. इथल्या खंडाळे गावात कोणीही देईल."

"देतील. मंग तो त्यांचा कांदा झाला. माज्या दारात त्यांचा कांदा." ती परत वेणी विणायला लागली. मी भांडायला गेले होते, येताना हातात कांद्याची माळ घेऊन आले. चडफडत का होईना, पण आले.

दादाचा हिशेब सरळ होता. पूर्वी आजूबाजूला वाड्या होत्या, परसात शेवगा, कढीपत्ता, तुळस, तीळ. माशीला बारा महिने काहीतरी मिळायचं. वाड्यांचे बंगले झाले, परसांची हिरवळ झाली. आता गवताच्या गालिच्यावर माशी काय खाणार, पाय पुसणार? त्याच्या बांधावरच्या करंजाच्या ढोलीत सातेरी माशीचं एक मोहळ होतं, तेही एका पावसाळ्यात उपाशी मरायला नको म्हणून उठून गेलं. कांद्याला माशी लागते पंधरा-वीस दिवस, पण ती त्या दिवसांत हजर असायची तर उरलेलं वर्ष तिला कोणीतरी जेवायला घातलं पाहिजे. ते कोणी घालायचं? बंगलेवाल्यांनी. कारण जमीन त्यांच्याकडे. म्हणून हा बाबा माझ्याकडे येऊन बसायचा. बंगल्यात जाणारं प्रत्येक झाड माझ्या फाटकातून जातं, ते फाटकातच तपासायचं. लाँचच्या फळीवर तीस वर्षं हेच केलं होतं त्यानं.

हे कळल्यावर मी त्याला हाकलणं सोडलं. त्यानं मात्र बोलणं सोडलं नाही. त्याच्या वहीत पास झालेल्या झाडांची यादी होती. शेवगा, तुळस, जांभूळ, कढीपत्ता, सूर्यफूल, तीळ, एकेरी झेंडू, फुलायला सोडलेले धने आणि बडीशेप, आणि ती गुलाबी झुपक्यांची वेल, गिऱ्हाइकं जिला आइसक्रीमची वेल म्हणतात. "आनि तुज्या नर्सरीत पयला नंबर कुनाचा, म्हायत हाय?" त्यानं एक दिवस विचारलं. मला वाटलं, चला, आज काहीतरी कौतुक होणार. "बाहेर गटाराच्या कडंला दगडीपाला उगवलाय त्याचा. दहा मिन्टात बावीस. तू लावलेला नाय म्हनून जगलाय."

कोणी त्याला विचारलं, दादा, कोणतं झाड चांगलं, तर एकच उत्तर, "मना काय इचारतंस? आधी माशीला इचार." कोणी पुस्तकातली यादी दाखवली, मोबाइलवरची दाखवली, की तो यादी परत करायचा. मध मात्र कधी खाल्ला नाही. डॉक्टरनं खोकल्यावर सांगितला तरी नाही. "पोराच्या डब्यातला कोन खातंय काय?" म्हणायचा आणि अडुळशाचा काढा प्यायचा, तोंड वाकडं करून.

मग आमच्या मॅडम आल्या.

दादाच्या कांद्याच्या वाफ्याला लागून भिंत, भिंतीपलीकडे मॅडमचा बंगला. मॅडम मनानं चांगल्या, हे मी अगदी छातीवर हात ठेवून सांगेन. फक्त त्यांना जगाचं काही बिघडलंय असं कळलं, की त्या आठवड्याभरात त्याची पार्टी करायच्या. कुठेतरी त्यांनी वाचलं, मधमाश्या संपत चालल्या आहेत. झालं. बंगल्यात मधमाश्यांसाठी बाग! मुंबईहून डिझाइनर आला. त्यानं ठरवलं, बाग पांढरीशुभ्र असणार. पांढरा चाफा, पांढरी बोगनवेल, पांढरी डबल तगर. आणि लॅव्हेंडर, जी आमच्या हवेत आठवड्यात कुजून काळी पडली. सगळं माझ्याकडूनच गेलं, लॅव्हेंडर सोडून. मी बोलले का काही? मुळीच नाही. सांगितलं ना, दुकानदार बाई आहे.

उद्घाटनाला दादालाही बोलावणं होतं, शेजारी म्हणून. झाडाला टांगलेली लाकडाची रंगीत घरटी, त्यावर हसऱ्या माशीचं चित्र, आत माशी नाही. टेबलावर पाच प्रकारचे मध, सगळे बाटलीतले. दादा खाकी शर्ट घालून, स्टूल घेऊन आला आणि पाहुण्यांच्या मधोमध बसला. दहा मिनिटं. लोक त्याच्या आजूबाजूनं ग्लास घेऊन फिरत होते.

"मग दादा, किती आल्या?" मॅडमनी हौसेनं विचारलं.

"येक."

"ओह! कुठल्या झाडावर?"

"सरबतावर."

मला वाटलं आता याला बाहेर काढणार. पण श्रीमंतांचं काही सांगता येत नाही. मॅडमनी टाळी वाजवली, "हाऊ ऑथेंटिक!" म्हणाल्या आणि त्या क्षणापासून दादा त्यांचा झाला. डिझाइनर गेला तो परत आला नाही.

त्या पावसाळ्याच्या आधी दादानं ती बाग मुळापासून उपसली आणि आपल्या यादीनं लावली. रोज एक भांडण. शेवगा दारात नको, भूत येतं, असं मॅडमच्या स्वयंपाकीणबाईंनी सांगितलेलं. "भुताला शेंगा आवडत असतील तर येऊ दे," दादा म्हणाला. धने फुलायला सोडले तर मॅडमना ते अव्यवस्थित दिसलं. "दादा, हे कुणाच्या तरी परसासारखं दिसतंय," त्या हताश होऊन म्हणाल्या. "तेच पायजे," दादा म्हणाला. "माशीला नीटनेटका कलत नाय." कमानीवर आइसक्रीमची वेल चढली, भिंतीकडेनं सूर्यफुलं लागली, वाटेच्या दोन्ही बाजूंना तुळस.

आणि खोटं का बोलू, दिवाळीनंतर ती बाग अशी काही फुलली की मी स्वतः आठवड्यातून दोनदा काहीतरी निमित्त काढून जायची. नुसता गुणगुणाट. करंजाच्या ढोलीत सातेरी परत आली. दादा रोज आकडा सांगायचा. तुळशीवर तीस, वेलीवर अठ्ठेचाळीस.

इथवर सगळं ठीक होतं. पण कौतुक हे फार वाईट औषध आहे, सत्तरीतल्या माणसाला तर देऊच नये. मॅडमनी दर रविवारी पाहुणे आणायला सुरुवात केली. पाहुणे टोप्या घालून दादाच्या मागून फिरायचे, फोटो काढायचे. दादासाठी त्यांनी एक पिवळा टी-शर्ट छापून आणला, छातीवर 'बी मॅन'. हा खाकी शर्टावर तो टी-शर्ट चढवून फिरायला लागला. गावच्या चहाच्या टपरीवरही तोच टी-शर्ट. माशीनं त्याला विचारून मोहळ बांधलं अशा थाटात बोलायचा. शाल मिळाली, नारळ मिळाला. "येकदा कांदा फुलू दे, मंग हिरेला दाखवतो," असं मला दहादा सांगून झालं.

जानेवारी सरत आला आणि हिरावैनीच्या दोन वाफ्यांत गोंडे उमलले. शेवटच्या चिमूटभर बियाणाचे कांदे होते ते. त्या दिवशी दादा मला मुद्दाम बोलवायला आला, टी-शर्टात. "चल, बगायला चल." मी गेले. त्यानं वाफ्याच्या कडेला स्टूल टाकलं, घड्याळ पाहिलं, यंत्र हातात घेतलं. मी बांधावर बसले.

दहा मिनिटांत तीन.

तो उठला, स्टूल वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं. परत बसला. त्या टोकाला एकही नाही. भिंतीपलीकडून मात्र गुणगुणाट येत होता, गिरणी चालू असावी तसा. मी काही बोलायच्या आत त्यालाच कळलं होतं. मला दिसलं ते. त्याचा अंगठा यंत्रावर तसाच राहिला.

"माशीला कांदा आवडत नाय," तो अगदी हळू म्हणाला. "दुसरा पोटभर नसला तरच जाते. आदी या दिसांत हिकडं जरा जराच फुलायचा, म्हनून जायची."

म्हणजे काय झालं बघा. या शहाण्यानं दीड वर्ष खपून, माझं डोकं खाऊन, एक एक झाड पारखून माशीसाठी पंगत मांडली, ती बायकोच्या वाफ्याला लागून. आणि माशी पंगतीत बसली. ती कशाला उठून कांदा खायला येते? मला हसू यायला हवं होतं. इतके दिवस मी याच संधीची वाट बघत होते, की कधीतरी याला म्हणेन, दादा, नापास. मी उगाच बांधावरचं गवत उपटू लागले.

तेवढ्यात हिरावैनी चहा घेऊन आली. "किती?" तिनं विचारलं.

"चालीस," तो म्हणाला.

ज्या माणसानं लाँचवर एक डोकं कधी इकडचं तिकडं केलं नाही, तो माझ्यादेखत बायकोला चाळीस सांगून चहा प्यायला लागला. वैनी "बरा" म्हणाली आणि कप घ्यायला तिथेच उभी राहिली. मी माझ्या चहात बघत बसले. मीही काही कमी नाही, गप्पच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यानं गोंड्यांवरून हात फिरवून बघितला, माशीचं काम आपण करू म्हणून. पोकळ दांडे ते, दोन मोडले. मग मॅडमकडे गेला. शनिवार होता, त्या आलेल्या होत्या. म्हणाला, मॅडम, वीस दिवसांपुरती सगळी फुला उतरवू या, झाडा राहतील, परत फुलतील. मॅडम दचकल्या. उद्या तर केवढे पाहुणे येणार होते, कोणी मासिकासाठी फोटो काढायलाही येणार होतं. "दादा, प्लीज, पुढच्या महिन्यात करू या ना? आत्ता कुठे पीक ब्लूम आलाय!" पुढच्या महिन्यात कांद्याचं फूल सुकलेलं असतं. दादानं ते सांगितलं नाही. मान हलवली आणि निघून आला. मला वाटलं, गेलं. बी मॅन राहणार आणि बी जाणार.

रविवारी दहाच्या सुमाराला बंगल्याचं अंगण भरलं. मीही होते, आमंत्रण होतं. मॅडमनी माइक हातात घेतला, या बागेचे खरे हिरो वगैरे म्हणाल्या, टाळ्या झाल्या. दादा पुढे आला. टी-शर्ट घातलेला होता. तो कमानीपाशी गेला, कमरेचा कोयता काढला आणि आइसक्रीमची वेल खालून सपकन तोडली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच सांगते. त्यांना वाटलं छाटणीचं प्रात्यक्षिक आहे. मोबाइल वर झाले. दादानं तुळशीची एक रांग उतरवली, दुसरी उतरवली. एक बाई शेजारणीला समजावत होत्या, याला प्रूनिंग म्हणतात. धने गेले, बडीशेप गेली, झेंडू गेला, शेवग्याच्या फुललेल्या फांद्या धडाधड खाली आल्या. सूर्यफुलांपाशी पोचला तेव्हा मॅडमच्या लक्षात आलं.

"दादा! काय करताय तुम्ही! माझी बाग आहे ती!"

"बाग तुमचीच हाय मॅडम," तो म्हणाला. कोयता चालूच होता. "माश्या माज्या बायकोच्या हायत. त्या न्यायला आलोय."

वॉचमननं धरला तोपर्यंत सूर्यफुलाचं एकही तोंड वर राहिलं नव्हतं. दादानं टी-शर्ट डोक्यातून काढला, मधाच्या बाटल्यांशेजारी नीट घडी करून ठेवला आणि फाटकातून बाहेर गेला. पोलिसांची भाषा झाली. मग कोणीतरी म्हणालं, व्हिडिओ फारच सुंदर आलाय, आणि भाषा मागे पडली. मॅडम पायरीवर बसून रडल्या. मला त्यांचीही दया आली, हे सांगितलंच पाहिजे. त्यांनी खरंच जीव लावला होता. आता तिथे प्लॅस्टिकची हिरवळ आहे.

माश्या तासभर तोडलेल्या वेलीवर घिरट्या घालत होत्या. कुठे काय गेलं हे त्यांना उमगत नव्हतं. मी मागच्या बाजूनं बांधावर गेले. दादा तिथे नव्हता. हिरावैनी एकटी पदर डोक्यावर घेऊन उभी होती. उन्हं चढली आणि भिंतीवरून एक माशी आली. मग दोन आल्या. मग मी बघायचं सोडलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते वैनीला दाखवायचं नव्हतं.

त्यानंतर दोन-अडीच महिने मी त्याच्या घराकडे फिरकले नाही. रागच तसा होता. बंगल्यात त्याला बंदी झाली ती झालीच, त्याच्यासोबत मलाही झाली. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं, तेही मी एक पान न तोडता. रोज सकाळी नऊला मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालायची. तो आला नाही. छातीत दुखतं म्हणून डॉक्टरनं फिरणं बंद केलंय, एवढं कानावर आलं होतं. मग एप्रिलमध्ये वैनीचा निरोप आला, येऊन जा.

पडवीत सुपात सुकलेले गोंडे होते. दादा भिंतीला टेकून बसला होता, बनियनवर, बराच वाळलेला. मला बघून "आलीस काय" एवढंच म्हणाला. वैनीनं दोन गोंडे घेतले, तळहातावर चोळले. फुंकर मारली. भुस्सा उडून अंगणात गेला. हातावर काळं, टपोरं बी राहिलं. तिनं अजून दोन चोळले, अजून दोन, मूठ भरेपर्यंत.

दादा सरकत पुढे आला आणि त्यानं ओंजळ धरली. वैनीनं मूठ मिटून घेतली.

"त्या दिशी वाफ्यात किती आल्या व्हत्या?" तिनं विचारलं. "आथा खरा सांग."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी कुठे बघू ते मला कळेना.

"तीन," तो म्हणाला.

"म्हायत व्हता मना," ती म्हणाली. "मी किती येल मागं उभी व्हते." आणि तिनं मूठ त्याच्या ओंजळीत मोकळी केली. "जा, बाटली आन. सांडू नको."